बंद घराचं मीटर

आखजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांचं ताट उठेपर्यंत घरात कोणी आवाज चढवायचा नाही, असा गंगूबाईंचा कायदा होता. ताट उठल्यावर काय करायचं, याबद्दल कायद्यात काही नव्हतं. त्यामुळे अकोल्याची गाडी दारात उभी राहिली तेव्हाच वच्छलेनं ओळखलं, की आज जे व्हायचं ते पुरणपोळी पोटात गेल्यावर होईल.

गाडीतून आधी शुभम उतरला, मग त्याची बायको रागिणी, मग गंगूबाई आणि सगळ्यांच्या मागून त्यांचे यजमान देवीदास, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. दिवाळी झाल्यावर मोतीबिंदू काढायला म्हणून ते दोघं मुलाकडं, शुभमकडं, आठ दिवसांसाठी गेले होते. एक डोळा झाला, मग दुसरा झाला, मग थंडी आली, मग नातवाची परीक्षा आली, आणि आता अमरावतीच्या या घरात ते पाहुण्यासारखे चपला बाहेर काढून येत होते. चांदूर बाजारची त्यांची बहीण पौर्णिमा सकाळच्या एसटीनंच येऊन बसली होती. ती आल्यापासून वच्छलेशी फार गोड बोलत होती, आणि पौर्णिमाबाई गोड बोलायला लागल्या की माणसानं आपला खिसा चाचपावा, असं चंद्रभान म्हणायचा.

चंद्रभान म्हणजे वच्छलेचा नवरा, देवीदासचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. शेंदूरजनाघाटच्या संत्र्यावर दोघा भावांनी मिळून हे घर बांधलं. समोरच्या चार खोल्या मोठ्याच्या, मागच्या दोन धाकट्याच्या. वीजमीटर दोन घेतले, पण घराचा कागद एकच, देवीदासच्या नावाचा. भावाभावांत कागद लागत नाही, हेही चंद्रभानच म्हणायचा. त्याच्या सगळ्याच म्हणी काही खऱ्या ठरल्या नाहीत.

या घराची एक जुनी रीत होती. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, भावजयीनं समोरासमोर बोलायचं नाही. वच्छला लग्न होऊन आली तेव्हा सासूनं ती तिला दुसऱ्याच दिवशी शिकवली. पुढं गल्लीतल्या सुना भासऱ्यांच्या गाडीवर मागं बसून बाजारात जायला लागल्या, सासूही गेली, पण रीत राहिली. मोडायला कारण पडलं नाही, एवढंच. चंद्रभान होता तोवर निरोप त्याच्या तोंडून जायचे. तो गेल्यावर सगळं टपाल गंगूबाईंकडं आलं. चहा झाला हेसुद्धा वच्छला गंगूबाईंना सांगायची, आणि त्या, चार हातांवर बसलेल्या नवऱ्याला सांगायच्या. निरोपाला ज्या तोंडातून जावं लागतं त्या तोंडाची चव लागतेच. पण एका घरात राहताना चहापाण्याच्या निरोपात ती कळून येत नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे समोरच्या घराचं मीटर. घराला कुलूप, आत माणूस नाही, आणि बिलाचा मेसेज मात्र शुभमच्या फोनवर दर महिन्याला येत होता. एखादं लहान कुटुंब राहत असावं तसा आकडा. आधी त्यांना वाटलं, मागचं राहिलेलं असेल. मग वाटलं, मीटर बिघडलं असेल. मग होळीला पौर्णिमा इकडं येऊन गेली आणि वच्छलेच्या खोलीत नवा कूलर पाहून अकोल्याला गेली. "दोन खोल्याईले केवढा मोठा कूलर हाय, पाह्यला का तुमी?" एवढंच ती म्हणाली होती. बाकीचं अकोल्यात ज्यानं त्यानं आपापल्या मनानं जोडून घेतलं. कूलर पायलनं, म्हणजे वच्छलेच्या पातूरला दिलेल्या मुलीनं, आईला घेऊन दिला होता आणि तो वच्छलेच्याच मीटरवर चालत होता. पण हे तिला विचारायला कोणी आलं नाही, आणि न विचारता सांगायला जाणं म्हणजे चोराच्या मनात चांदणं असं झालं असतं.

तिच्या कानावर हे आलं ते रागिणीकडून. "काकू, मी सांगितलं म्हणू नका बरं," अशी सुरुवात करून तिनं फोनवर सगळं सांगितलं होतं. वच्छलेनं ऐकून घेतलं आणि त्या दिवशी कूलर लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला. आपण आपलाच कूलर भिऊन बंद ठेवतो आहोत याचा तिला स्वतःचाच राग आला.

दुपारी ताटं झाली. सासऱ्याचं, सासूचं आणि चंद्रभानचं. देवीदासनं तिन्ही ताटांवरून पाणी फिरवलं. धाकट्या भावाच्या ताटाशी त्यांचा हात थोडा थांबला. वच्छला स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहत होती. या माणसाला आपल्याबद्दल खरोखर तसं वाटत असेल का, असं तिच्या मनात आलं, आणि वाटत असेल तर चंद्रभानच्या ताटावर यांनी पाणी कोणत्या हातानं सोडलं, असंही आलं. मग ती वडे तळायला आत गेली, कारण तेल तापलं होतं.

जेवणं झाली. रसाच्या वाट्या उचलल्या. गंगूबाई समोरच्या खोलीत सुपारी कातरायला बसल्या, पौर्णिमा त्यांच्या शेजारी लवंडली, देवीदास खुर्चीत. शुभमनं घसा साफ केला. लहानपणी चोरून संत्रं खाल्ल्यावर तो असाच घसा साफ करायचा.

"काकू, बसा ना अथी."

"मी इथंच बरी हाय," वच्छला म्हणाली. डोक्यावरचा पदर पुढं घेऊन ती दारातच उभी राहिली.

"त्याचं असं हाय, हे घर किरायानं द्यायचं म्हणून राहिलो आमी. कॉलेजातले एक सर पाहून गेले. आईबाबा आता अकोल्यालेच राहतील. पण त्या सराईले पुरं घर पाह्यजे. मागच्या खोल्यासकट."

"अन् मी?"

"तुमी पायलकडं. पातूर काई लांब नाही अकोल्याहून. आमालेबी येता येईल भेटाले."

"पायलनं बलावलं म्हणून सांगितलं का तुले?"

"नाही, पण पोरगीच ना तुमची."

"पोरगी माही हाय, घर तिच्या सासऱ्याचं हाय," वच्छला म्हणाली. "अन् आतापर्यंत नाही सुचलं तुमाले हे. आताच कावून?"

गंगूबाईंच्या अडकित्त्याचा आवाज तेवढा येत होता. मग पौर्णिमा उठून बसली.

"आता इचारतेच हाय तर सांगून टाका ना तिले. मनात कावून ठेवता? वच्छला, मी काई तुह्यावर आळ घेऊन नाही राहिली. पण बंद घराचं मीटर फिरते, अन् घराची चाबी तुह्याजवळ. माणसाच्या मनात येतेच ना."

"काय येते मनात?"

"आता ते मीच सांगू का?"

देवीदासनं खुर्चीत बैठक बदलली. ते बोलले ते छताकडं बघून. "शुभम, तिले इचार, घर बंद, सगळं बंद, तरी मीटर कसं फिरते. एवढंच इचार. दुसरं काई नाही."

शुभमनं वच्छलेकडं पाहिलं. विचारलेलं पुन्हा विचारायची त्याला लाज वाटली असावी. वच्छलेनं उत्तर रागिणीकडं तोंड करून दिलं. "सांग त्याईले, माही लाईन माह्या मीटरवर हाय. कूलरबी, फ्रिजबी. दुसऱ्याची लाईन घेतली असंल तर माहे हात झडतील."

"अशी शपथ घेऊन कुठी मीटर थांबते का," पौर्णिमा म्हणाली.

"शपथ कायले पाह्यजे," रागिणी म्हणाली आणि पदर खोचून उठली. "दोन्ही मीटर पडवीतच हायेत ना? पाहूनच घेऊ. इचारत बसलो तर पुढची आखजी येईल."

रागिणीच्या या उत्साहाचं वच्छलेला बरं वाटलं, पण त्याचं कारणही तिला ठाऊक होतं. घर किरायानं गेलं म्हणजे सासू-सासरे कायमचे अकोल्याला. तिथल्या फ्लॅटमध्ये देवीदास खोलीतून निघाले की पंखा, दिवा, टीव्ही सगळं चालू, आणि मागून रागिणी बटनं बंद करत फिरायची. मळ्यातल्या माणसाची ती सवय होती. संत्र्याला पाणी द्यायचं तर लाईन रात्री कोणत्या वेळी येईल याचा नेम नाही, म्हणून पंपाला ऑटो लावून बटन कायम चालू ठेवायचं, लाईन आली की पंप आपोआप सुरू. आयुष्यभर असं केलेल्या माणसाला बंद बटन पाहवत नाही. देवीदासच्या लेखी चालू बटन म्हणजे निगा, बंद बटन म्हणजे आळस. हे रागिणीला समजावून सांगायला कोणी नव्हतं, आणि समजावलं असतं तरी फ्लॅटचं बिल तिच्या पगारातून जात होतं. एकूण काय, वच्छला मागच्या खोल्यांत राहण्यातच रागिणीचं सुख होतं. सुनेनं आपली बाजू घ्यायला एवढंही कारण चालतं, असं वच्छलेनं मनाशी म्हटलं.

शुभमनं आधी वच्छलेच्या मीटरखालचा मेन पाडला. मागच्या खोलीतला कूलर घरघरत थांबला. मग त्यानं समोरच्या घरातले सगळे दिवे, सगळे पंखे बंद करायला लावले. एप्रिलअखेरचं ऊन, त्यात पंखे बंद. पौर्णिमा पदरानं वारा घेत पडवीत येऊन उभी राहिली. दोन मीटर शेजारी शेजारी होते. वच्छलेच्या मीटरवरचा बारका लाल दिवा स्थिर झाला होता. समोरच्या घराचा टुकटुक करत होता.

"पाह्य," पौर्णिमा म्हणाली. "सगळं बंद, तरी चालूच."

"मंग काकूच्या घरातलं काईतरी या मीटरवर चालू असंल," शुभम म्हणाला. "आतून वायर असंल तर."

आणि तो मागच्या खोल्यांत गेला. वच्छला त्याच्या मागोमाग गेली. त्यानं तिचा पंखा लावून पाहिला, दिवा लावून पाहिला, फ्रिज उघडून पाहिला, कूलरची वायर हातानं चाचपत भिंतीपर्यंत गेला. काहीच लागलं नाही. ज्या पोराच्या तोंडात आपण दूधभाताचे घास घातले तो आपल्या खोलीत वायर धुंडाळतो आहे, हे ती भिंतीला टेकून पाहत राहिली. तिला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली, आपण काही केलेलं नसताना. शुभमनं फ्रिजचं दार हळूच लावलं.

"काई नाही काकू," तो म्हणाला.

"नाहीच हाय तर काय सापडंल?"

तो मान खाली घालून पडवीत परत गेला. "त्याईच्या इथं काई नाही," त्यानं मोठ्यानं सांगितलं. "खाणारं आपल्याच घरात हाय."

"आपल्या घरात माणूस नाही तर खाईल कोण?" गंगूबाई आतून म्हणाल्या. आवाज थोडा पातळ आला.

मग रागिणी समोरच्या घरात शिरली आणि शुभम मीटरशी उभा राहिला. वच्छला तिच्या मागं आत गेली, कारण या घरात काय कुठं आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. दर गुरुवारी ती कुलूप काढून झाडायची, देवाजवळ दिवा लावायची आणि पुन्हा कुलूप घालायची. पडदे ओढलेल्या अंधाऱ्या खोलीत ते बारके दिवे तिला दर वेळी दिसायचे. टीव्हीच्या कपाळावर लाल, त्याखालच्या डब्यावर हिरवा, एसीच्या स्टॅबिलायझरवर आकडे. इन्व्हर्टरची गुणगुण तर दारातूनच ऐकू यायची. जाताना गंगूबाईंनी देवीदासचा निरोप म्हणून निक्षून सांगितलं होतं, आमच्या कशाले हात नोको लावू. तो शब्द तिला लागला होता, आणि लागला होता म्हणूनच तिनं तो अगदी काटेकोर पाळला. हात लावू नको म्हणता ना, मग जळू द्या. आज्ञा पाळण्यातही थोडा सूड उगवता येतो, हे तिला त्या गुरुवारांनी शिकवलं.

रागिणीनं टीव्हीचा प्लग काढला. डब्याचा काढला. "थोडं हळू झालं," शुभम बाहेरून म्हणाला. स्टॅबिलायझरचं बटन बंद केलं. पाण्याच्या फिल्टरचं केलं, त्यात महिनोन् महिने तेच पाणी पडून होतं. पलंगाशी भिंतीत एक चार्जर तसाच खोचलेला सापडला, त्याचा फोन अकोल्यात.

"बटन बंद केलं म्हणजे टीव्ही बंद नसते का?" पौर्णिमा दारातून म्हणाली. ती पडवीतून आत आली होती.

"रिमोटनं बंद केलं तर तो झोपते फक्त, आत्याबाई," रागिणी म्हणाली. "एक डोळा उघडा ठेवून. रिमोटची वाट पाहत राह्यते. थोडी थोडी लाईन खातच राह्यते."

इन्व्हर्टर बंद केल्यावर ती गुणगुण थांबली आणि घर एकदम रिकामं वाटलं. पण शुभमचं म्हणणं, अजून काहीतरी आहे, मधूनच जोरात पळतं. सगळे एकमेकांकडं बघत असताना पौर्णिमा तोंडावर पाणी मारून येते म्हणून न्हाणीघरात गेली. तिनं नळ सोडला आणि लगेच हात मागं घेतला.

"माय वं," ती बोटं झटकत बाहेर आली. "आधणाचं पाणी हाय."

गिझर. दिवाळीच्या अभ्यंगाला लावलेला गिझर, दरवाज्यामागच्या बटनावर, लाल दिव्यासकट. थंडी गेली, होळी गेली, बाहेरचं ऊन अंगाची लाही करायला लागलं, तरी हे यंत्र बंद घरात, न येणाऱ्या माणसांसाठी आंघोळीचं पाणी तापवत बसलं होतं. थंड झालं की पुन्हा तापवत होतं. रागिणीनं बटन दाबलं.

"थांबलं," बाहेरून शुभम म्हणाला.

पौर्णिमा आपली पोळलेली बोटं ओल्या पदरात धरून वच्छलेजवळ येऊन उभी राहिली. बाजू बदलायला तिला फार चालावं लागलं नाही. "मी म्हणतच होती," ती म्हणाली. "वच्छला असं करणारी नाही."

शुभम आत आला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "बाबा, हे सगळं तुमीच चालू ठेवून गेले होते."

देवीदासनं काळा चष्मा काढून हातात घेतला. "गेलो होतो. आठ दिवसांसाठी तर चाललो होतो. आठ दिवसांसाठी घर बंद करते का कोणी? वापस आलो की सगळं हाताशी पाह्यजे."

"मंग काकूवर कावून आणलं?"

"कारण मी सांगून गेलो होतो," देवीदास म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण दुखावलेल्या माणसाचा होता. "पक्कं सांगून गेलो होतो, आठ दिवसांत आलो नाही तर मेन पाडजो. आता मेन पडलेला, घराले कुलूप, तरी मीटर फिरते, मंग माणूस काय समजंल? कोणीतरी लाईन घेतली असंच समजंल ना? मले काय वेड लागलं होतं का, उगाच तिचं नाव घ्याले?"

"मेन पाडाले कोणाले सांगितलं होतं, बाबा?" रागिणीनं विचारलं.

"तुह्या सासूले. का वच्छलाले सांगून ठेव म्हणून."

अडकित्त्याचा आवाज केव्हाच थांबला होता. सगळ्यांच्या माना गंगूबाईंकडं वळल्या, आणि गंगूबाई हातातल्या सुपारीकडं बघत राहिल्या. वच्छलेला त्या एका क्षणात सगळं उलगडलं. ती जाब विचारायला म्हणून सवयीनं रागिणीकडं वळली, तिच्या तोंडून सांगायला. रागिणी सासूकडं बघत होती. शुभम जमिनीकडं बघत होता. निरोप न्यायला कोणीच मोकळं नव्हतं.

तेव्हा वच्छला दाराची चौकट सोडून दोन पावलं खोलीत आली आणि देवीदासच्या खुर्चीसमोर उभी राहिली. त्यांना काय म्हणून हाक मारायची हे तिला ठाऊक नव्हतं, कारण ती कधी मारलीच नव्हती. म्हणून हाक न मारताच बोलली.

"मले मेन पाडाले कोणी नाही सांगितलं. मले सांगितलं, आमच्या कशाले हात नोको लावू. गुरुवारी झाडजो, दिवा लावजो, अन् कुलूप घालजो. मी तेवढंच केलं. मले लाल दिवे दिसत होते. हात नाही लावला, कारण तुमचा शब्द हाय असं सांगितलं होतं मले."

देवीदास तिच्याकडं बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी तिचा आवाज भिंतीपलीकडून आणि दाराआडून पुष्कळ ऐकला होता. समोरून आज ऐकला.

"गंगू," ते म्हणाले, "खरं काय?"

"वस्तू नव्या होत्या," गंगूबाई म्हणाल्या. "एसी आताच घेतला. मेन पाडाले दिला की तिनं घरभर हात लावला असता. मांगं मिक्सर जाळला होता तिनं. मले वाटलं, आठ दिवसांत तर येऊनच राहिलो, काय सांगायचं." त्या थांबल्या. "मंग बिलं येऊ लागली अन् तुमी तिचं नाव घेतलं. तवा सांगायचं होतं. नाही जमलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता पौर्णिमाबाई येऊन गेल्या, अन् मंग सांगायची सोयच नाही राहिली."

त्या रडल्या नाहीत. गंगूबाई रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. वच्छलेला त्यांची दया आली नाही, पण त्या खोटं बोलत नाहीत एवढं तिला कळलं. एका वाक्याची चोरी झाकायला माणसाला किती महिने जागावं लागतं, हे त्या ताठ बसलेल्या पाठीवरून दिसत होतं.

"आई, अन् आमी काकूले घराबाहेर काढाले निघालो होतो," शुभम म्हणाला.

"तूच निघाला होता," गंगूबाई म्हणाल्या. "किरायाचं तुह्याच डोक्यात आलं. मी तर फक्त गप्प होती."

"गप्प राहूनच तर एवढं झालं," रागिणी म्हणाली, आणि सासूनं सुनेकडं असं पाहिलं, की अकोल्याच्या फ्लॅटमधला पुढचा महिना कसा जाईल हे सगळ्यांनाच समजलं.

देवीदास खुर्चीतून उठले. उभं राहायला त्यांना हातांचा जोर लावावा लागला. ते सवयीनं बायकोकडं तोंड करून म्हणाले, "तिले सांग, का तिनं…" आणि तिथंच थांबले. गंगूबाईंनी मान वर केली नाही. बाकीच्यांतही कोणी पुढं झालं नाही. देवीदासनं चष्मा खिशात ठेवला आणि वच्छलेकडं वळले.

"वच्छला, चूक झाली माही," ते म्हणाले. "मी इचाराले पाह्यजे होतं. तुलेच इचाराले पाह्यजे होतं. घर कोणाले देत नाही. तू कुठंच जाऊ नको."

पौर्णिमेनं सुस्कारा टाकला. तिच्या मते हे छान झालं आणि आता चहा व्हायला हरकत नव्हती. शुभमच्याही खांद्यावरचं ओझं उतरलेलं दिसलं. सगळ्यांनी वच्छलेकडं पाहिलं, तिनं आता डोळ्यांना पदर लावावा आणि चहाला आधण ठेवावं अशा बेतानं.

वच्छलेलाही वाटलं होतं, की हे शब्द ऐकले म्हणजे आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही असं नाही. पण जाऊ नको, हाही हुकूमच होता, आणि जा, हाही हुकूमच होता. मधल्या इतक्या वर्षांत तिला काय हवं आहे हे या खोलीत कधी कोणी विचारलं नव्हतं, आजसुद्धा नाही. तिनं पदर नीट केला. तो डोक्यावरून मागं सरकला होता, तो तिनं पुन्हा पुढं ओढला नाही.

"मी उद्या पातूरले चालली," ती म्हणाली. "पायल कवाची बलावते. घर राखाच्या नावानं माहं जाणंच नाही झालं. महिनाभर राहीन, नाहीतर दोन महिने राहीन, मन भरंल तोवर. तुमी काढलं म्हणून नाही चालली, हे ध्यानात ठेवा. अन् वापस येईन तवा त्या दोन खोल्या माह्या नावानं कागदावर पाह्यजे. हे मी शुभमले नाही सांगून राहिली, जाऊबाईलेबी नाही. तुमाले सांगून राहिली."

शुभम काहीतरी म्हणायला गेला. देवीदासनं हातानंच त्याला गप्प केलं.

"किती दिवसांत पाह्यजे?" त्यांनी तिला विचारलं.

"मी यायच्या आत."

"करतो," देवीदास म्हणाले. आणि थोड्या वेळानं, जणू एवढ्या वर्षांत साठलेल्यांपैकी आणखी एक वाक्य हाती लागलं तसं, "पातूरचं ऊनबी लय हाय. सकाळीच निघजो."

"हो," वच्छला म्हणाली.